देव बुडवले, पुढं काय?

माझी एक छापील ओळ मला मागं घ्यायची आहे. त्या निमित्तानं आपल्या एकूण लिखाणाबद्दल थोडं बोलायचं आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे. आधी मलाच झोंबलं आहे.

१९८१ साली एका अनियतकालिकात माझं आत्मकथनपर टिपण आलं होतं. सात-आठ पानांचं. त्यात मी लिहिलं होतं की आमच्या घरातले सगळे देव मी माझ्या हातानं डोहात बुडवले आणि त्या दिवसापासून आमचं घर स्वच्छ झालं. ही ओळ गाजली. शिबिरांतून पोरांनी ती वाचून दाखवली. एका समीक्षकानं तिला 'प्रांजळ' म्हटलं. (आपल्या लिखाणाला द्यायला या मंडळींकडं हा एकच शब्द असतो. आपण विचार करतो असं ते कधी म्हणत नाहीत, आपण प्रांजळ असतो.) आता एकजण ते टिपण नव्या संग्रहात घेतो आहे. मुद्रितं तपासायला माझ्याकडं आली आहेत. आणि ती ओळ खोटी आहे.

आमच्या वाड्यानं दीक्षा घेतली १९५७ साली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्म दिला, ६ डिसेंबरला ते गेले, आणि पुढच्या वर्षी आमच्याकडं सगळा वाडा ओळीनं बसून बौद्ध झाला. मी तीन वर्षांचा होतो. बावीस प्रतिज्ञा सगळ्यांनी म्हटल्या. पण देव गेले नाहीत. वर भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली, खाली देव्हाऱ्यात खंडोबा, भैरोबा, सटवाई होते तिथंच राहिले. अशी सोळा वर्षं गेली. मग ७२ चा दुष्काळ झाला. ७३ च्या पावसाळ्यात नदीला डोह भरण्याइतकं पाणी आलं, आणि आमच्या अंगात पँथरचं वारं होतं. आम्ही सात-आठ पोरांनी एक पोतं घेतलं आणि घरोघर फिरलो. म्हाताऱ्या शिव्याशाप देत होत्या. बापये ओट्यावर बसून गंमत बघत होते. माझ्या आईनं शिवी दिली नाही. देव्हारा उचलून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "ने बाबा." मला वाटलं, आईला पटलं. मी तसं लिहिलंही.

चार वर्षांपूर्वी आई गेली. जलदान विधीला वक्त्यांनी तिला धम्माची निष्ठावान उपासिका म्हटलं, आणि ते खरंच होतं. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात गेली नाही असं कधी झालं नाही. वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असायचं, तिथं पहिल्या ओळीत बसायची. अक्षर ओळख नव्हती, पण कोणतं प्रकरण कुणानं गाळलं हे तिला कळायचं. दहाव्या दिवसानंतर तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी, रेशनकार्डं, रमाईचा फोटो. आणि पांढऱ्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, पातळ पत्र्याचा, घासून घासून चेहरा गेलेला सटवाईचा टाक.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पेटीचं झाकण लावलं.

यात आमच्या घरच्या भानगडीपलीकडं काही आहे म्हणून लिहितो. टाक सापडल्यावर मी काय केलं असेल? मी आपली पुस्तकं काढून बसलो. माझ्या आईसारखी बाई आपल्या साहित्यात कुठं आहे ते शोधत बसलो. देव असलेली बाई आहे. देव टाकलेला पोरगा आहे. पण जिनं धम्म मनापासून घेतला आणि तरी एक टाक चिंधीत बांधून ठेवला, अशी बाई मला सापडेना. देव गेले त्या दिवसापर्यंत आपली आत्मकथनं जोरात चालतात. त्यानंतर घरात कोण काय मानतं, कुणाला रात्री कशाचा आधार लागतो, यावर मात्र आपण चूप.

सगळ्यात जास्त मला सापडलं ते बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं, पुस्तक १९८६ चं. आपल्यातल्या पुष्कळ पोरांनी ते 'अंधश्रद्धेचं दर्शन' म्हणून वाचलेलं आहे. पुन्हा वाचा. आषाढातला महारवाडा, मरीआईचा रेडा, थोरला पोरगा पोतराज म्हणून सोडायची रीत, बायकांच्या अंगात येणं, हे सगळं त्या बाई इतकं जवळून सांगतात की हळदीचा वास येतो. आणि त्याच दमात त्या सांगतात की हे सगळं उपाशी पोटावर चाललेलं होतं. बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात काही नसायचं आणि देवीला मात्र निवद लागायचा. बाईंना या देवांबद्दल लोभ नाही. पण त्या देवांपुढं बसलेल्या बायांबद्दल त्यांना तुच्छता नाही. हा फरक आपल्या बापये लेखकांना फारसा जमलेला नाही. मला तर अजिबात जमला नव्हता.

त्यांनी एक गोष्ट दाखवली आहे जी आपण वाचून सोडून देतो. एरवी जिला सासू लाथेनं उठवते, नवरा मारतो, तिच्या अंगात आलं की तीच सासू आणि तोच नवरा तिच्या पाया पडतो. घटकाभर का होईना, तिला विचारलं जातं की आई, काय पाहिजे? बाईला काय पाहिजे हे विचारायची दुसरी कुठलीही सोय त्या वाड्यात नव्हती. आता सांगा, आम्ही पोतं घेऊन गेलो तेव्हा देव नेले, ठीक. पण ही सोय नेली तिच्या बदल्यात काय दिलं? विहाराची कमिटी केली. अध्यक्ष बाप्या, सेक्रेटरी बाप्या, खजिनदार बाप्या. बाया पांढरी लुगडी नेसून मागं बसल्या. पाली गाथा आम्हांला तरी कुठं समजत होत्या? बायांना पुढं बसायला आमच्याकडं वीस वर्षं लागली, आणि तेसुद्धा त्या स्वतः भांडून बसल्या.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'कडं (१९५९) यासाठी पुन्हा जायला पाहिजे. कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण आहे, हे आपण भाषणात सांगतो. पण तिची सुरुवात कशानं होते? जोगणीनं. गावाला जत्रा मिळावी म्हणून राणोजी मांग दुसऱ्या गावची जोगणी पळवून आणतो आणि त्यात त्याचं मस्तक जातं. जत्रा गावाची, मान गावाचा, मस्तक मांगाचं. अण्णा भाऊ इथं थांबून 'बघा, केवढी ही अंधश्रद्धा' असं भाष्य करत नाहीत. राणोजीला त्यात इज्जत दिसते, ती ते तशीच दाखवतात. म्हणून ती मरणाची जागा वाचताना आपला राग नेमक्या ठिकाणी जातो, गावावर. राणोजीवर जात नाही. मार्क्सवादी माणसानं हे केलं, हे विसरू नका.

याच्या शेजारी आपली कविता ठेवून बघा. केशव मेश्रामांनी देवाला आईवरून शिवी घातली. ती शिवी घालणं गरजेचं होतं. ती वाचून मी रात्रभर जागलो होतो. दया पवारांच्या कवितेतला बुद्ध डोळे मिटून बसलेला नाही, लेण्यांतला नाही. तो चालतो आहे, बोलतो आहे, दुबळ्यांच्या दुःखावर फुंकर घालतो आहे. ती कविता मला आजही आपल्या कवितेच्या माथ्यावरची वाटते. पण मेश्रामांची शिवी आणि पवारांचा चालता बुद्ध यांच्या मधल्या जागेत आपले लोक राहतात. ती जागा कवितेत नाही. त्यांनी त्यांचं काम केलं, त्यांच्याकडं तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या मागून येऊन तीच शिवी आणि तोच बुद्ध पन्नास वर्षं गिरवणाऱ्यांकडं. त्यात मी आहे.

आमच्या गल्लीत वीस-बावीस घरं आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे ८४ लाख भरले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रातले. त्यांत आमची ही घरं आली. एक रिटायर एस्टी ड्रायव्हर पहाटे पाचला परित्राणपाठ म्हणतो, शेजाऱ्यांची झोपमोड होते. एक बँकेतला गृहस्थ दरवर्षी दहा दिवस इगतपुरीला जातो आणि मौन पाळतो. १९७६ पासून तिथं गोयंका गुरुजींची विपश्यना चालू आहे. त्याचा सख्खा भाऊ म्हणतो, बाबासाहेबांनी आपले डोळे उघडले, हा दहा हजार लोकांत जाऊन मिटून घेतो. एक जोडपं त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या वर्गाला जातं. संघरक्षितांच्या प्रेरणेनं १९७९ साली तो सुरू झाला. तिथं ध्यानही आहे, मैत्री भावनाही आहे, आणि त्या जोडप्यातली बाई सांगते की तिचा नवरा दारूतून उठला तो तिथल्या सोबतीमुळं. एक एम्‌एस्‌सीची पोरगी वंदनेलाही हात जोडत नाही. बावीस प्रतिज्ञा तिनं अभ्यासाच्या टेबलावर चिकटवल्या आहेत, म्हणते हीच माझी घटना. एक सून मातंगाची. तिनं दीक्षा घेतली नाही आणि तिला कुणी घे म्हटलं नाही. ती माहेरच्या देवाला वर्षातून एकदा जाऊन येते. आणि दोन घरांत मार्गशीर्षातले गुरुवार होतात. दार लावून. कोणती घरं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

यातला प्रत्येकजण मनातून समजतो की खरा बौद्ध मीच. चहाच्या टपरीवर रोज यावर भांडण असतं. पँथर १९७४ ला फुटली ती बुद्ध की मार्क्स या वादात. तो वाद मोठा होता, पुस्तकं झाली. हा गल्लीतला वाद त्याहून धाकटा नाही, पण यावर एक धड कथा नाही. जी आहे ती ठरलेली: अडाणी आई, जागा झालेला मुलगा, शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी आणि हातात बुद्धाची मूर्ती. या कथा मी स्पर्धांचा परीक्षक म्हणून ढिगानं वाचल्या आहेत. आईला त्यात एकही वाक्य नीट नसतं.

कागदाचं तर आणखी वेगळं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं हिंदूंनाच सवलती दिल्या, १९५६ ला शीख आले, बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. ख्रिस्ती झालेले अजून बाहेरच आहेत. त्यामुळं एकाच माणसाचा दाखल्यावरचा धर्म एक, विहारातला दुसरा, आणि मनातला तिसरा. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे आणि मी सटवाई बुडवून आलेला माणूस. हा घोळ आपण केला नाही. पण त्यात आपण कसे राहिलो ते दुसरं कोण लिहिणार?

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. मी तुमच्या वयात हाच विचारला असता. सर, हे लिहिलं तर शत्रूच्या हातात कोलीत दिल्यासारखं नाही का? ते म्हणणारच, बघा, यांनी धर्म बदलला पण देव सुटले नाहीत, म्हणजे हे आपलेच.

म्हणोत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिला तेव्हा त्याच्या सुरुवातीलाच बुद्धचरित्रातले चार प्रश्न उघड मांडले. सिद्धार्थानं घर सोडण्याचं सांगितलं जाणारं कारण पटत नाही म्हणाले, चार आर्यसत्यांबद्दल शंका घेतली, कर्म-पुनर्जन्माचा आणि अनात्म्याचा मेळ कसा लावायचा म्हणून विचारलं, भिक्खू कशासाठी हे विचारलं. जगभरचे बौद्ध काय म्हणतील याची पर्वा केली नाही. ज्या धम्माच्या ग्रंथाची सुरुवातच प्रश्नांनी होते, तो आपल्या आयांच्या पेटीतल्या टाकानं पडत असेल तर आपण तो उभाच केला नव्हता असं होईल.

त्याच ग्रंथात ते धर्म आणि धम्म वेगळे करतात. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब समजली जाते, धम्म मुळातच सामाजिक. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकत्र आली की तो लागतो. हे मी शेकडो भाषणांत सांगितलं आहे. पण त्याची दुसरी बाजू माझ्या डोक्यात कधी आली नाही. आम्ही सात-आठजण पोतं घेऊन गेलो, तो सामाजिक कार्यक्रम होता. पण त्या दिवशी आईच्या आणि माझ्या मध्ये, दोन माणसांच्या मध्ये, धम्म कुठं होता? मी तिला विचारलं नाही की यातला कोणता देव कशासाठी आहे. पोत्याचं तोंड उघडून उभा राहिलो फक्त.

बाबासाहेबांच्या घरातलं बघा. वडील रामजीबाबा कबीरपंथी. पुढं बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले त्यांत बुद्ध आणि फुले यांच्यामध्ये कबीर आहे, तो या घरातूनच आला. रमाईला पंढरपूरला जायची आस होती. ते म्हणाले, जिथं आपल्याला दारातून आत घेत नाहीत ते पंढरपूर काय करायचं, आपण आपलं दुसरं पंढरपूर उभारू. आपण हा प्रसंग बाबासाहेबांच्या उत्तरासाठी सांगतो. गाणी केलीत त्याच्यावर. रमाईनं ऐकलं. पण ते ऐकल्यावर त्या रात्री तिच्या मनात काय चाललं असेल? १९३५ च्या मे महिन्यात ती गेली, येवल्याची घोषणा त्याच साली ऑक्टोबरात झाली. धर्मांतराची ती घोषणा तिच्या कानावर आली नाही. तिचं दुसरं पंढरपूर तिनं पाहिलंच नाही. आपल्या एवढ्या लेखकांत तिच्या बाजूनं बसून हे लिहिलेलं थोडंच.

एक धोका उलट्या बाजूचाही आहे, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हल्ली शहरातून अभ्यासक येतात. रेकॉर्डर असतो. त्यांना मरीआई हवी असते. आमच्या पोतराजाच्या आसूडात त्यांना 'लोकसंस्कृती' दिसते, अंगात येण्यात 'प्रतिकार' दिसतो, आणि विहारातली पांढरी लुगडी बघून ते नाराज होतात, फारच सपाट झालं म्हणतात. आपलेही काहीजण त्यांच्या नादानं 'आमची मूळ देवता' म्हणून लेख पाडायला लागलेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे, 'जिणं आमुचं' हातात घ्या आणि पोतराज म्हणून सोडलेल्या थोरल्या पोराचं वाचा. आसूड कुणाच्या पाठीवर पडतो ते बघा. ते जायलाच पाहिजे होतं. ७३ च्या पोत्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. मला लाज वाटते ती माझ्या ओळीची. झाकून टाकणं हे एक खोटं, नटवून ठेवणं हे दुसरं. आमच्या पिढीनं पहिलं केलं, तुमच्या पिढीनं दुसरं करू नये.

टाकाचं राहिलं.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, सात महिन्यांचा होऊन गेला. मला हे माहीत होतं, पण आपल्या वाड्यात अशी दोन-तीन पोरं प्रत्येक घरात गेलेली असायची, त्याचं कुणी काही बोलत नसे. टाक सापडल्यावर मी मावशीला विचारलं. ती नव्वदीला आली आहे, पण कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "तुज्या वक्ताला केला व्हता त्यो. थोरला गेला तवा लोक म्हनले, सटवीनं नशीब वंगाळ लिवलं. मग तू पोटात असताना तिनं दोन म्हयने खुरपायचं पैसं साठवलं आन टाक केला. तुला जगू दे म्हून."

म्हणजे मी पोत्यात घालायला गेलो होतो तो माझ्या जगण्याचा नवस होता. तिनं तेवढा आधीच काढून घेतला असणार आणि बाकीचा देव्हारा पुढ्यात ठेवला असणार. "ने बाबा."

मावशीनं आणखी एक सांगितलं. एका वर्षावासात विहारात किसा गोतमीची गोष्ट वाचली. मेलेलं पोर घेऊन फिरणारी बाई, मोहऱ्या आणायला सांगणारे तथागत. सगळ्या बाया रडल्या. आई रडली नाही. घरी परत येताना मावशीला म्हणाली, "तिला सांगाया बुद्ध तरी आला व्हता गं. मला कोन आलं व्हतं?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीत जाऊन बसली. गोष्ट पुन्हा वाचा म्हणाली. वाचणाऱ्या पोरानं पुन्हा वाचली.

आता या बाईला मी काय म्हणू? अर्धवट बौद्ध? ज्या काळात तिच्याकडं कुणी आलं नव्हतं त्या काळाची खूण तिनं ठेवली, आणि जो उशिरा आला त्याला रोज ऐकायला गेली. दोन्ही तिचंच. हे मी समीक्षेच्या भाषेत सांगायला गेलो तर 'अंतर्विरोध' वगैरे शब्द येतात आणि आई त्यातून निसटते. हे कथेनंच सांगायला पाहिजे, आणि ती कथा मला जमत नाही. पन्नास वर्षं भाषणं करून हात जड झाला आहे. तुमच्यातल्या कुणाला जमेल. मात्र पेटी उघडायच्या आधी, आई जिवंत असतानाच तिच्याशेजारी बसून विचारा. मावशीकडून ऐकायची पाळी येऊ देऊ नका.

मुद्रितातली ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहिलं, 'आईनं दिले तेवढे देव मी डोहात बुडवले.' संपादकाचा फोन आला. म्हणाला, सर, पूर्वीची ओळ जास्त ताकदीची होती. मी म्हटलं, होती. ही छाप.

टाक माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्याच चिंधीत. बायको म्हणाली, विहारात कळलं तर? म्हटलं, अंक विहारातच वाटायचाय.